लाल मण्यानंतरच्या दोन ओळी

वहिनीने तपकिरी कागदाची पुडी उचलली, कानाशी नेली आणि हळूच हलवली.

"कलिंगड आहे का ते, वाजवून घ्यायला?" दुकानाच्या काकू म्हणाल्या. "हात लावलास ना, तीच तुझी. टाक पिशवीत."

"उघडत नाहीये हो. नुसती ऐकतेय."

"आणि काय म्हणतेय ती?"

"बारीक काचमणी आहेत, पुष्कळ. आणि मधे एक कुणीतरी मोठं बसलंय."

टेबलाभोवती हशा पिकला. मण्यांच्या दुकानामागची ही खोली इतकी अरुंद की टेबल मांडलं की दार अर्धंच उघडायचं आणि काकूंना पोट आत ओढून शिरावं लागायचं. टेबलावर जाड लोकरी कापड अंथरलेलं असायचं, कारण मण्यांना पळून जायची भारी हौस. दर महिन्याला एकदा चौघीजणी इथे जमायच्या आणि काकू त्यांना एक कोडं घालायच्या. कधी सगळा हार एकाच रंगात करायचा, कधी डाव्या हाताने, कधी फक्त स्वयंपाकघरात सापडेल त्या वस्तूंचा. त्या खेपेला नर्सबाईंनी मिरीचे दाणे ओवले होते आणि हार घालून बघणाऱ्या प्रत्येकीला शिंकांनी बेजार केलं होतं.

या महिन्याच्या कोड्याचं नाव होतं 'दत्तक'. प्रत्येकीने घरातून एक अर्धवट टाकून दिलेलं काम आणायचं, सारख्या कागदात गुंडाळून टेबलावर ठेवायचं आणि दुसरीचं उचलून पुरं करायचं. आपलीच पुडी हाताला लागली तर गुपचूप परत ठेवायची.

"आता नियम ऐका," काकूंनी बोट वर केलं. "आधीचा एकही मणी उसवायचा नाही. कापायचं नाही, झाकायचं नाही. शेवटी ते अंगावर घालता आलं पाहिजे. आणि मूल कुणाचं हे विचारायचं नाही. जन्मदात्रीला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, नाहीतर गप्प बसेल."

"आणि बक्षीस?" चित्रकलेच्या बाईंनी विचारलं. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली तरी त्यांना गुण दिल्या-घेतल्याशिवाय चैन पडत नसे.

"पुढचं कपाट," काकू म्हणाल्या.

पुढचं कपाट म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेलं, आत दिवा असलेलं काचेचं कपाट. आजवर काकू त्यात बाहेरून आणलेले भारी हार मांडत. आता सहा महिने ते चौघींतल्या एकीचं, तिच्या नावाच्या पाटीसकट.

वहिनीला ते कपाट हवं होतं. अगदी लहान मुलासारखं, पाय आपटून हवं होतं.

वहिनी म्हणजे सगळ्यांचीच वहिनी. तिला इथे पहिल्यांदा घेऊन आली ती तिची नणंद. लग्न होऊन आली तेव्हा या मोठ्या नणंदेनेच तिच्या हातात पहिली बारीक सुई दिली होती आणि दुसऱ्याच दिवशी या टेबलाशी आणून बसवलं होतं. त्यांनी ओळख करून दिली, "ही आमची वहिनी," आणि तेव्हापासून चित्रकलेच्या बाई, नर्सबाई, इतकंच काय, तिच्या आईच्या वयाच्या काकूसुद्धा तिला वहिनीच म्हणू लागल्या. ती मात्र नणंदेला घरच्यासारखं 'वन्सं' म्हणायची. त्या काळात वन्सं तिला 'जिराफ' म्हणून चिडवायच्या, तिची मान लांब म्हणून. हल्ली त्याही चारचौघींसारखं वहिनीच म्हणायच्या. हा बदल कधी झाला हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

हातात कसब होतंच. नमुना समोर ठेवला की वहिनी तो मण्याला मणी उतरवायची. तिचा पाच पदरी हार दुकानात सगळ्यात जास्त खपायचा, आणि पहिला हार आणि शंभरावा हार शेजारी ठेवले तर तिलासुद्धा फरक सांगता आला नसता. एकदा बाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, "वहिनीचा हात म्हणजे छापखाना आहे छापखाना." सगळ्या हसल्या, तीही हसली. पण तो शब्द तिच्या मनात जो रुतला तो रुतलाच. आपल्या डोक्यातून निघालेलं एकतरी काही त्या दिव्याखाली बसावं, एवढंच तिला हवं होतं. पण स्वतःचं काही करायला बसली की चार ओळींत तिला चूक दिसायची. मग उसव. पुन्हा विण, पुन्हा उसव. शेवटी मणी रंगवार डब्यांत परत.

आणि चूक दिसायची ती काही फक्त स्वतःचीच नाही. कुणीही काहीही दाखवलं की तिचं बोट आपोआप पुढे जायचं. "इथे एक मणी चुकलाय." नर्सबाई तर तिची नक्कल करायच्या. इंजेक्शन देताना म्हणे पेशंटच्या दंडावर बोट ठेवून म्हणतात, "इथे एक मणी चुकलाय."

वन्संनी हल्ली हार करणं सोडलं होतं. कानातलीच करायच्या. "कानातल्यात बरं असतं," त्या म्हणायच्या, "चुकायला जागाच नसते."

*

घरी आल्या आल्या वहिनीने हात धुतले, पुसले आणि ओट्याशेजारच्या टेबलावर पुडी उघडली. उघडली आणि तिच्या तोंडून "अगंबाई!" निघालं.

चार बोटं रुंद, गळ्याबरोबर बसणारा पट्टा होता. चोकर. गर्द निळ्या-हिरव्या काचमण्यांची दाट वीण, एका टोकाला पितळी हूक, आणि रुंदीच्या बरोबर मध्यावरून हुकापासून निघालेली पिवळ्या मण्यांची एक सरळ रेघ. रेघ थेट एका मोठ्या लाल मण्याशी जाऊन थांबत होती. लाल मणी हाच मध्य, म्हणजे पट्टा निम्मा झालेला. लाल मण्यानंतर फक्त दोन ओळी होत्या. मग दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला अजून तशीच अडकलेली सुई.

असलं सुरेख काम कुणी अर्धवट टाकतं?

बोट आपोआप पुढे गेलं. लाल मण्यानंतरच्या पहिल्या ओळीत पिवळा मणी एक घर खाली सरकला होता. दुसऱ्या ओळीत तो पुन्हा आपल्या जागेवर होता. रांगेतून एखाद्याने डोकं बाहेर काढून बघावं तसा तो एकटा पिवळा मणी.

"इथे एक मणी चुकलाय," वहिनी मोठ्याने म्हणाली.

"माझं काय चुकलं आता?" नवऱ्याने बाहेरून विचारलं. तो वायरमन होता, स्टुलावर उभा राहून घरातलाच पंखा दुरुस्त करत होता, आणि बायकोचं हे वाक्य आपल्यालाच आहे असं समजायची त्याला सवय लागली होती.

"तुमचं नाही हो. हिचं."

"हिचं म्हणजे कुणाचं?"

"माहीत नाही. विचारायचं नाही असा नियम आहे."

तिला राहूनराहून नवल वाटत होतं. दोन ओळी उसवायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. चूक दिसली, पाच मिनिटांत उसवायची आणि पुढे जायचं. इतकं देखणं काम पाच मिनिटांसाठी कुणी खाली ठेवावं? बाईंचं असणार, तिने ठरवलं. हे रंग बाईंशिवाय कुणाला सुचणार नाहीत. आणि बाई आरंभशूर आहेतच.

पहिले दोन दिवस तिने काहीच केलं नाही. नुसती त्या मण्याकडे बघत बसली. हात उसवायला शिवशिवत होते, पण नियम म्हणजे नियम. तिसऱ्या दिवशी तिने विणायला घेतलं आणि नवंच संकट उभं राहिलं. तिची ओढ घट्ट होती. तिच्या चार ओळी झाल्या आणि पट्टा तिथून वाकडा वळायला लागला. आधीची वीण सैल होती, मऊ होती. विणणारी बाई दोरा ओढायची नाही, नुसता बोलवायची. वहिनीने स्वतःच्या चार ओळी उसवल्या, त्या तिच्या होत्या म्हणून चालत होतं, आणि पुन्हा सुरुवात केली. हात सैल सोड, ती स्वतःला बजावत होती. अजून सैल. खांदा खाली घे. श्वास घे, बये.

आठवडाभर ती कुणा अनोळखी बाईच्या हाताने विणत होती. म्हणजे तिला तसंच वाटायचं. सकाळची कामं उरकली की ती टेबलाशी बसायची आणि तो दुसरा हात जणू येऊन तिच्या हातावर बसायचा. हळूहळू पट्टा सपाट पडायला लागला. वीण कुठे बदलली ते तिचं तिलाही शोधावं लागलं. ती इतकी खूश झाली की शेजारणीला बोलावून दाखवलं. शेजारीण म्हणाली, "छान आहे, पण तो पिवळा मणी—"

"माहितेय," वहिनी म्हणाली.

तो पिवळा मणी. पुढे पिवळी रेघ सरळ न्यावी, तर तो एकटा वेडगळ दिसणार. अगदी मध्याशेजारी, लाल मण्याला खेटून, सगळ्यांच्या डोळ्यात भरेल असा. काकू काही बोलायच्या नाहीत, पण कपाट जाईल ते जाईलच.

आणि मग एका सकाळी, कपडे वाळत घालताना, तिच्या हातातला चिमटा हातातच राहिला. दोरीवर एक ओळ सरळ होती आणि नवऱ्याचा एक मोजा मधेच खाली लोंबत होता. ती मोज्याकडे बघत राहिली. तो एकटा होता म्हणून चुकीचा दिसत होता. त्याच्या शेजारी दुसरा, त्याहून थोडा खाली, त्याच्यानंतर तिसरा...

"अहो!" ती किंचाळली.

नवरा टेस्टर हातात घेऊनच धावत आला. "काय झालं? शॉक बसला?"

"तो चुकला नाहीये! तो निघालाय!"

"कोण निघालाय? कुठे?"

"पिवळा! तो फिरायला निघालाय हो, पण एक पाऊल टाकून परत आला. घाबरला. त्याला पुढे न्यायचंय!"

नवऱ्याने दोरीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "मोजे तेवढे वाळत घाल," तो म्हणाला आणि पुन्हा त्या अजूनही न फिरणाऱ्या पंख्याकडे गेला.

मोजे बादलीतच राहिले. आठवडाभरात विणलेल्या आपल्या ओळी तिने उसवून टाकल्या. तिने नमुन्याचा चौकटींचा कागद काढला, पेन्सिल काढली, आणि मग कागद बाजूला सारला. आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढची ओळ माहीत नव्हती आणि त्याची तिला मजा येत होती. तिने पिवळा मणी एक घर खाली घेतला. पुढच्या ओळीत आणखी एक घर. मग सरळ. मग अचानक दोन घरं वर! लाल मण्यापर्यंत शहाण्यासारखी सरळ चालत आलेली रेघ लाल मण्यानंतर मोकाट सुटली. खाली गेली, वर चढली, पार वरच्या काठाला जाऊन टेकली, तिथून घसरत परत आली. वहिनी एकटीच खुदुखुदु हसत होती. आता कुठे जाशील? असं? बरं, जा. मग तिला वाटलं, हिला सोबत हवी, आणि तिने दुसरी रेघ सोडली, फिकट पितळी रंगाची. दोघी एकमेकींना ओलांडायच्या, लांब जायच्या, पुन्हा जवळ यायच्या. डाळीला दोनदा पाणी घालावं लागलं आणि तिसऱ्यांदा ती करपलीच. नवऱ्याने न बोलता ब्रेड आणला.

शेवटाकडे येताना तिची एक चूक झाली. खरीखुरी, तिची स्वतःची. निळ्याच्या जागी हिरवा मणी गेला आणि हे तिला तीन ओळींनंतर दिसलं. सवयीने तिने सुई उलटी फिरवली. उसवायला परवानगी होती, मणी तिचा होता. सुईचं टोक दोऱ्याखाली गेलं, आणि ती थांबली. लाल मण्यापासून इथवर हे सगळं कशामुळे आलं? एका चुकलेल्या मण्यामुळे. त्या बाईने तो उसवला असता तर आज आपण पुन्हा सरळ रेघच काढत बसलो असतो.

तिने सुई सरळ केली आणि पुढच्या ओळीत मुद्दाम आणखी एक हिरवा घेतला.

*

कोडं उघडायच्या दिवशी वहिनी वन्संना घ्यायला त्यांच्या घरी गेली. दोघींची घरं एकाच गल्लीत होती आणि त्या नेहमी बरोबरच चालत जायच्या. आज मात्र वहिनी चालत नव्हती, जवळजवळ उड्या मारत होती.

"झालं का गं तुझं दत्तक बाळ?" वन्संनी विचारलं.

"वन्सं, तुम्हाला काय सांगू! म्हणजे नाहीच सांगत, बघालच. बाईंचंच आहे ते, मला खात्री आहे. पण का टाकलं असेल हो त्यांनी?"

वन्संनी पदर खांद्यावर सारखा केला. "टाकलं असेल काहीतरी होऊन," त्या म्हणाल्या. "रस्ता बघून चाल, पडशील."

काकूंनी टेबलाच्या मधोमध काळ्या मखमलीचा पुतळा ठेवला होता, नुसती मान आणि खांदे असलेला. बाईंनी एक हार पुरा करून आणला होता, त्यात जुनं काय आणि नवं काय ते त्या छडी आपटल्यासारख्या आवाजात समजावून सांगत होत्या. वन्संच्या वाट्याला एक पैंजण आलं होतं, ते त्यांनी चटकन दाखवून चटकन खाली ठेवलं.

मग नर्सबाईंनी आपली बांगडी काढली. वहिनीने ओळखली. तिच्याकडे अर्धवट काही नव्हतंच, सगळं उसवून डब्यांत गेलेलं असायचं. म्हणून कोड्यासाठी तिने एक रुंद बांगडी विणायला घेतली होती आणि जीव मुठीत धरून निम्म्या रुंदीवर सोडून दिली होती.

"ही कुणाची ते मला पहिल्या मिनिटाला कळलं," नर्सबाई म्हणाल्या. "एकही चूक नाही हो! इतकी बरोबर की आत शिरायला फटच नाही. मी चार दिवस रडकुंडीला आले. शेवटी म्हटलं, आत जागा नाही ना, मग बाहेर लोंबकळू." आणि त्यांनी बांगडी हलवली. वरची अर्धी वहिनीची, काटेकोर; आणि काठाला खाली नर्सबाईंनी लटकवलेले वेडेवाकडे मणी, शिंपले, एक लहानशी किल्लीसुद्धा. सगळं खुळखुळलं. काकू टाळी देऊन हसल्या.

वहिनीही हसली. पण फटच नाही, हे शब्द तिला जरा लागले.

"आता तू," काकू म्हणाल्या.

तिने रुमालाची घडी उलगडली. मग बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अरे वा. अरे वा वा वा!" नर्सबाई टेबलावर पालथ्याच पडल्या, जवळून बघायला. लाल मण्यापर्यंत सरळ आलेली आणि मग उधळलेली ती रेघ खोलीतल्या दिव्यात लखलखत होती.

"हे तू केलंस?" बाई म्हणाल्या. "नमुना कुठून घेतलास?"

"कुठून नाही," वहिनी म्हणाली, आणि तिला एवढा आनंद झाला की तिचा आवाज चिरकला. "कुठूनच नाही!"

"पुतळ्याला घालून बघू," म्हणत काकूंनी पट्टा अलगद उचलला, पुतळ्याच्या मानेभोवती घेतला, मागे नेला. हूक आणि कडी यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं.

काकूंनी ओढून पाहिलं. बसेना.

"माप घेतलं नव्हतंस?"

वहिनीचं तोंड उतरलं. "लाल मणी मध्याला होता. इकडे जेवढी लांबी, तेवढीच मी तिकडे केली. सुरुवात त्यांनीच..." ती बाईंकडे बघत होती.

"माझ्याकडे काय बघतेस? माझं नाही ते," बाई म्हणाल्या. "माझं पैंजण होतं."

नर्सबाईंनी गळ्याला लावून पाहिलं, बसेना. बाईंच्या गळ्यात तर निम्म्यावरच थांबलं. काकू म्हणाल्या, "मला विचारूही नका, माझ्या दंडालाही होणार नाही." आणि मग त्या जराशा ओशाळल्या, कारण घालता आलं पाहिजे हा नियम त्यांचाच होता. "इतकी बारीक मान आणि एवढा रुंद पट्टा, कुणाच्या मापाने घेतलं असेल हे?"

"वहिनी, तूच घालून बघ ना," नर्सबाई म्हणाल्या.

विकायचं काम वहिनी कधी अंगाला लावत नसे, घामाने मण्यांची चमक जाते म्हणून. तिने मान वर केली, पट्टा गळ्याभोवती घेतला, मागे हात नेले. कट्. हूक बसला. ना सैल, ना घट्ट. चार बोटांची रुंदी हनुवटीखालून गळ्याच्या खळीपर्यंत अशी बसली की जणू मानेवरच विणली होती.

काकूंनी आरसा पुढे धरला.

वहिनीने आरशात पाहिलं. तिचा हात लाल मण्यावर गेला. अंगठ्याखाली ती सैल, मऊ वीण लागली, महिनाभर जी तिने आपल्या हातात मुरवली होती. बांगडी तिची स्वतःची होती, पैंजण बाईंचं, आणि बाईंच्या हारातले मिरीचे दाणे नर्सबाईंशिवाय कुणाचे असणार? आरशाच्या कोपऱ्यात वन्सं दिसत होत्या. त्या पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

दोन ओळी. बोटाखाली त्या दोन ओळी होत्या, लाल मण्यानंतरच्या. उसवायला पाच मिनिटं. महिनाभर तिला पडलेलं ते कोडं काकूंच्या कोड्याहून अवघड होतं, आणि आता उत्तर गळ्यातच होतं. पाच मिनिटांचा प्रश्नच नव्हता. मणी चुकला हे दिसलं त्या क्षणी वन्संना एक आवाज ऐकू आला असणार. तो आवाज कुणाचा, हे वहिनीला बरोबर ठाऊक होतं. जिच्या गळ्यासाठी घ्यायचं, तिनेच पहिलं बोट कुठे ठेवलं असतं?

"मग?" काकू म्हणाल्या. "एक करता येईल. हीच कल्पना घेऊन दुसरा कर, पुतळ्याला बसेल अशा मापाचा. आठ दिवस देते. कपाट तुझंच."

आठ दिवस! तिला सहा पुरले असते. नमुना समोर होता, मण्याला मणी उतरवायचा. पाटी दिसत होती, दिवा दिसत होता.

"नको," वहिनी म्हणाली. स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. "हा पुन्हा नाही होणार, काकू. आणि हा मी विकणार पण नाही. कपाट नर्सबाईंचं. त्यांच्या बांगडीने मला पार हरवलं."

नर्सबाईंनी बांगडी वाजवत खोलीतच एक गिरकी घेतली आणि कोपर दाराला आपटून घेतलं.

*

परतताना ऊन अजून होतं. वहिनीने पट्टा काढला नव्हता. माणसं वळून बघत होती आणि ती मान आणखीच ताठ करत होती. कपाट गेल्याची चुटपुट होती, नाही असं नाही, पण तिच्या डोक्यात आता भलतंच काहीतरी उड्या मारत होतं. पुढच्या महिन्याचं कोडं होतं फक्त सुतळी आणि बटणं, आणि तिला त्यात आत्ताच तीन गोष्टी दिसत होत्या. ती बोलत सुटली होती. वन्सं नुसतं 'हं' म्हणत होत्या.

गल्लीच्या तोंडाशी वन्सं थांबल्या. पर्समधून त्यांनी गोळ्यांची एक चपटी डबी काढली, उघडावी की नाही असा विचार केला, आणि उघडली.

"हे आपलं असंच," त्या म्हणाल्या. "कानातलं नाहीये."

आत जांभळ्या मण्यांची एक बोटभर वीण होती, नुकती सुरू केलेली. वहिनी वाकली. काठापासून तिसऱ्या ओळीत एक मणी चुकला होता. तिला दिसला. दिसणारच. बोट पुढे गेलं.

"इथे..." ती म्हणाली.

वन्संचा अंगठा डबीच्या झाकणावर आला.

"इथे," वहिनीने बोट त्या मण्यावरून पुढे नेलं, वीण जिथे संपत होती आणि दोरा मोकळा लोंबत होता तिथे, "इथून पुढे कुठे जाणार आहात?"

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या गळ्याकडे.

"ठरवलं नाहीये अजून," त्या म्हणाल्या. झाकण त्यांनी लावलं नाही. "घरी चल. उजेड आहे तोवर चार ओळी होतील. आणि मान जरा खाली घे गं जिराफ, विजेच्या तारांत अडकशील."